सेफ्टीसाहेबांचा भुगा

माणसाच्या जिवाइतकं मोलाचं या पृथ्वीतलावर दुसरं काहीही नाही. हे वाक्य सेफ्टीसाहेब दर सोमवारी सकाळी साडेआठ वाजता, सगळ्यांना समोर रांगेत उभं करून, कागदावरून वाचून दाखवत. वाचन पंचवीस मिनिटं चाले आणि ऊन समोरून येई. मागच्या सोमवारी तेराव्या मिनिटाला दोघं चक्कर येऊन पडले, तेव्हा साहेबांनी कागदावरची नजर न काढता "पडणाऱ्यांनी रांग सोडून पडावं" अशी सूचना केली आणि पान उलटलं.

या सोमवारचा कागद नव्या यंत्राबद्दल होता. चाळीस एकर काटेरी झुडपांचं रान साफ करून तिथे गोदामं उभी राहायची होती. दोन आठवडे पोकलेन आपल्या बकेटने झुडपं उपटत होता, ढीग लावत होता आणि ढीग कुठे न्यायचे यावर मुकादम डोकं खाजवत होता. शनिवारी बकेट काढून तिथे मल्चर बसवला. मल्चर म्हणजे पिंपाएवढा आडवा ड्रम आणि त्यावर चाळीस पोलादी दात. हा ड्रम फिरवत झाडाच्या शेंड्यावर टेकवायचा आणि खाली खाली आणायचा. वरून झाड जातं, खालून भुगा निघतो. उपटणं नाही, ढीग नाही, ट्रक नाही.

"दातांतून उडणारी ढलपी बंदुकीच्या गोळीसारखी जाते," साहेबांनी वाचलं. "सबब ड्रम फिरत असताना शंभर मीटरच्या आत कुणीही थांबू नये. मात्र शंभर मीटरच्या पलीकडे, ऑपरेटरला दिसेल असा, सेफ्टी ऑफिसर पूर्णवेळ हजर असावा. तो नसेल तर ड्रम बंद."

मग त्यांनी कागदाची घडी केली, केशरी जॅकेट ओढून सारखं केलं, पिवळी टोपी डोक्यावर दाबली आणि ते झुडपांच्या दिशेने चालू लागले.

पोकलेनच्या ऑपरेटरला सगळी साइट 'ओळंबा' म्हणायची. सव्वीस वर्षांत त्याने खणलेला एकही चर वाकडा गेला नव्हता. घरीही तो भिंतीवरची कॅलेंडरं सरळ करत हिंडे आणि बायको त्याच्या पाठोपाठ ती मुद्दाम तिरकी करत हिंडे. सव्वीस वर्षांत त्याच्या यंत्राने कुणाच्या पायाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी बोलत नसला तरी कुणी बोललं तर ऐकायला थांबत असे.

सेफ्टीसाहेबांबद्दल ओळंब्याला मनापासून आदर होता. पहिल्या दिवशी नव्हता, पण नंतर वाढत गेला. रोज सकाळी केबिनमधून पाहावं, तर समोर दीडशे मीटरवर झुडपांत केशरी जॅकेट आणि वर पिवळी टोपी. दुपारी पाहावं, तर तिथेच. ऊन असो, वारा असो, माणूस हलत नाही, बसत नाही, पाणी पीत नाही.

"पुतळा आहे गं नुसता," त्याने बायकोला सांगितलं होतं. "दोन आठवडे बघतोय. एकदा बूड टेकलं नाही त्या माणसाने."

"मग तुम्हीही एकदा उभे राहा तसे," बायको म्हणाली होती. "माळ्यावरचे डबे काढायचेत."

नऊ वाजता ओळंब्याने ड्रम सुरू केला आणि पाच मिनिटांत प्रेमात पडला. दोन माणूस उंचीचं झुडूप समोरून नाहीसं होत होतं आणि मागे गादीसारखा भुगा पसरत होता. बकेटने दिवसभरात साठ मीटर पट्टा जेमतेम निघे. मल्चरने दहा वाजेपर्यंतच सत्तर मीटर काढले. ओळंबा सरळ रेषेत निघाला होता, आणि सरळ रेषेत निघालेल्या ओळंब्याला थांबवणं कठीण होतं. धुरळ्यात आणि उंच झुडपांत केशरी ठिपका दिसेनासा झाला, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. साहेब मागे सरकले असतील. नियम त्यांनीच तर वाचलाय.

इशारे द्यायला एक माणूस होता. ओळंब्याच्याच वयाचा, गळ्यात शिट्टी, म्हणून नावही शिट्टी. मल्चर चालू असताना बंद केबिनमध्ये शिट्टी ऐकू येत नाही, हे दोघांनाही पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी तो मागे उभा राहून इमानाने फुंकत होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ओळंब्याने एका दाट जाळीवर ड्रम टेकवला. भुग्याच्या फवाऱ्यात एकदम केशरी कापूस उडाला. पाठोपाठ काचेवर टणकन काहीतरी आदळलं. पिवळं होतं.

त्याने ड्रम बंद केला. पण एवढा जड ड्रम बटण दाबल्याबरोबर थांबत नाही, चांगला दीड मिनिट गरगरत राहतो. ते दीड मिनिट ओळंब्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवून काढलं.

मग तो खाली उतरला. शिट्टी धावत आला आणि त्याने भुग्यातून पिवळ्या प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा उचलला. त्यावर निम्मा स्टिकर होता. 'सेफ्टी ऑफि' एवढंच उरलं होतं.

"साहेबांची टोपी," शिट्टी म्हणाला.

"टोपी उडून पडली असेल."

"आणि जॅकेट?"

"तेही उडालं असेल."

"अंगातून?"

ओळंबा भुगा उकरू लागला. केशरी चिंध्या निघाल्या. चकचकीत पट्टीचा तुकडा निघाला. एक वाकडीतिकडी किल्ली निघाली. मग तीन ढलप्या निघाल्या, त्यांवर लाल डाग होते. ओळंबा मटकन खाली बसला, आणि बसलोय ती जागा कोणती हे लक्षात येताच ताडकन उठला.

"फार रक्त नाही, पण," शिट्टीने धीर दिला. "लाकूड शोषून घेतं म्हणा."

"तू गप्प बस जरा."

"मी शिट्टी मारली होती."

"मला ऐकू आली नाही!"

"ते माहीतच आहे. पण मारली होती. विचारलं तर सांग."

ओळंब्याने साहेबांचा नंबर लावला. रिंग जात होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही गुडघ्यांवर बसले आणि भुग्याला कान लावले. ओळंबा इकडे, शिट्टी तिकडे. भुगा कोमट होता.

"ऐकू येतंय?"

"मुंगी येतेय."

"रिंग जातेय म्हणजे फोन शाबूत आहे," ओळंबा म्हणाला. "फोन शाबूत तर साहेब..."

"तसं नाही. हल्लीचे फोन फार मजबूत असतात," शिट्टी म्हणाला.

साइट ऑफिसच्या दारामागे 'संकटकाळी संपर्क' असा तक्ता होता. ओळंबा तिथवर धावत गेला, परत आला, नंबर पाहायचा राहिला म्हणून पुन्हा गेला. तक्त्यावर साहेबांच्या पत्नीचा नंबर होता. तो फिरवताना आपण काय बोलणार हे त्याने ठरवलं नव्हतं.

"वहिनी, मी साइटवरून बोलतोय."

"ते साइटवर आहेत," वहिनी एका दमात म्हणाल्या.

"हो, म्हणजे..."

"सकाळीच गेलेत. डबा घेऊन. साइटवरच आहेत ते."

"वहिनी, तुम्ही... तुम्ही बसला आहात ना?"

"कणीक मळतेय. काही निरोप आहे का? ते आले की सांगते. म्हणजे संध्याकाळी. साइटवरून आले की."

पलीकडे कुणीतरी पुरुष खाकरला, आणि पलंग करकरला. ओळंब्याने फोन ठेवला.

"माणसं जमायला लागलीत तिकडे," तो शिट्टीला म्हणाला. "वाईट बातमी कशी पोचते बघ. बाईंना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही."

तेवढ्यात मोटारसायकल फटफटत मुकादम आला. ड्रमचा आवाज थांबला की मुकादमाला लांबूनही झोपेतून जाग यावी तसं होत असे.

"काय रे, मशीन का बंद? दात तुटले?"

ओळंब्याने सांगितलं. तुटक सांगितलं, पण सगळं सांगितलं. मुकादमाने ऐकून घेतलं, टोपीचा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि भुग्यावरून चार पावलं मागे झाला.

"नक्की साहेबच?"

"दोन आठवडे बघतोय, रोज इथेच उभे असतात."

"अरे देवा," मुकादम म्हणाला, आणि लगेच कामाला लागला. "अपघाताचा फॉर्म भरावा लागेल. फॉर्म साहेबांच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली कुठे असते?"

शिट्टीने वाकडीतिकडी किल्ली पुढे केली.

मुकादमाने ती पाहिली. "बरं. कपाट फोडू. पण फॉर्मवर खाली सेफ्टी ऑफिसरची सही लागते. सहीशिवाय वर कुणी घेत नाही."

तिघंही खाली पाहू लागले.

"हे बघ," मुकादमाने आवाज उतरवला. "माणूस गेला तो गेला. आता कुणाला बोलवायचं आणि काय दाखवायचं? त्यापेक्षा अजून एक फेरी मार. जरा बारीक कर. पंधरा दिवसांत जमिनीत मुरतं, तूच सांगत होतास ना शनिवारी? वर गोदाम."

"मुकादम!"

"मी आपलं व्यवहाराचं बोलतोय."

"सव्वीस वर्षांत मी एक चर वाकडा खणला नाही," ओळंबा म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने उच्चारलं, आणि त्याला रडू आलं. "आता हे वाकडं करू? माझ्या हातून माणूस गेला, तर तसं लिहिणार मी."

तो केबिनमध्ये चढला. पोकलेनची रोजची वही सीटखाली असते. त्यात वेळ, काम आणि शेरा असे रकाने असतात. ओळंब्याने वळणदार अक्षरात, रेघ न सोडता लिहिलं: 'सकाळी नऊपासून सेफ्टीसाहेब समोर हजर. ११ वाजून १० मिनिटांनी ते ड्रमखाली आले. चूक माझी.' खाली सही केली. सहीखालची रेघ पट्टीने मारली. मग पानाचा फोटो काढला आणि कंपनीच्या 'सुरक्षा आधी' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, कारण कुठलाही प्रसंग ताबडतोब ग्रुपवर कळवावा, असं साहेबांनी मागच्याच सोमवारी वाचलं होतं.

"ग्रुपवर?" मुकादम किंचाळला. "अरे, त्यात दोनशे जण आहेत!"

दोनशे जणांपैकी पहिल्या मिनिटात चौदा जणांनी हात जोडले. तिघांनी न वाचताच अंगठा दाखवला. एकाने 'असेच काम चालू ठेवा' असं लिहिलं आणि घाईघाईने पुसलं. अर्ध्या तासात बाकीच्या तीन साइटवर दोन मिनिटं शांतता पाळल्याचे फोटो आले. एका फोटोत मागे चहाचे कप दिसत होते. मुख्य कार्यालयातून एवढंच विचारलं गेलं, 'मृताचा कर्मचारी क्रमांक कळवावा.'

दीड वाजता ओळंब्याच्या बायकोचा फोन आला.

"जेवलात का?"

"नाही. हे बघ, मला घरी यायला आज उशीर होईल."

"किती?"

ओळंब्याने मनातल्या मनात हिशेब केला. "सात-आठ वर्षं."

"बरं," बायको म्हणाली. "मग दूध मीच आणते." आणि मग, त्याला नीट ओळखून असलेल्या आवाजात, "काय झालंय हो?"

तिला सगळं सांगून झालं तेव्हा ती फक्त म्हणाली, "पळून नका जाऊ कुठे. मी येते." तिला यायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या.

दुपार सरकेना. ओळंबा भुग्याच्या कडेकडेने फेऱ्या मारत राहिला. भुग्यावर पाय द्यायची त्याची हिंमत नव्हती. शिट्टीने चार काठ्या रोवून दोरी बांधली, मग दोरीच्या आत जरा मोठी दिसणारी ढलपी सरळ करून ठेवली. वर काहीतरी वाहावं म्हणून त्याने फुलं शोधली. पण दोन आठवड्यांत एकरभर परिसरात फूल येईल असं काहीही त्यांनीच ठेवलं नव्हतं. मुकादम 'वरच्यांना आणायला जातो' म्हणून मोटारसायकलवर बसून गेला तो गेलाच.

साडेचार वाजता कच्च्या रस्त्यावर एक स्कूटर दिसली. स्कूटरवर धुवट शर्टातला, भांग पाडलेला, दुपारची झोप नुकतीच झालेला माणूस होता. त्याने स्कूटर नेहमीच्या ठिकाणी लावली, इकडेतिकडे पाहिलं, झुडपांकडे चालू लागला, आणि झुडपं नाहीत हे पाहून थांबला.

शिट्टीने शिट्टी तोंडाला लावली. त्या दिवसातली ती सर्वात लांब शिट्टी होती. ती सगळ्यांना ऐकू आली.

"साहेब!" ओळंबा धावला. त्याने सेफ्टीसाहेबांना मिठी मारली, त्यांचे दंड चाचपले, पाठ चाचपली, चेहऱ्यावरून हात फिरवला. "साहेब, तुम्ही आहात!"

"अरे हो, सोड. माझं जॅकेट कुठंय?"

"जॅकेट गेलं साहेब! टोपी गेली! तुम्ही राहिलात!"

"गेलं म्हणजे? त्या मोठ्या झुडपावर लावलं होतं मी. रोज लावतो." साहेबांनी आवाज खाली घेतला. "दीडशे मीटर सोडून. बकेटने तू दोन दिवसांतही इथवर पोचत नाहीस. आज एका दिवसात कसा आलास?"

"आज मल्चर आहे ना, साहेब."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सकाळी तुम्हीच वाचून दाखवलंत. पंचवीस मिनिटं."

"वाचलं असेल," साहेब म्हणाले. "ऐकायला सांगितलं नव्हतं मला."

दोन आठवड्यांचा आदर ओळंब्याच्या डोक्यातून जायला जरा वेळ लागत होता. "म्हणजे तो झुडपावरचा... बूड न टेकणारा..."

"धुळीने मला शिंका येतात. आणि तुलाच सांगतो, शंभर मीटरच्या आत धोका असतो. मी सहा किलोमीटरवर होतो. आज या साइटवर माझ्याइतका सुरक्षित कुणीही नव्हता."

"आणि ते लाल डाग?"

"खिशात लाल मार्कर होता. नवा होता रे."

मग साहेबांनी फोन काढला. झोपताना त्याचा आवाज बंद केलेला होता. दोनशे अकरा निरोप आले होते. ते वाचत गेले तसा चेहऱ्याचा रंग उतरत गेला. स्वतःच्या नावाने पाळलेल्या शांततेचे तीन फोटो त्यांनी मोठे करून पाहिले. चहाचे कपही पाहिले.

"तुम्ही एक फोन करा ना," ओळंबा घाईला आला होता. "सांगा की जिवंत आहे म्हणून. मला सुटल्यासारखं होईल."

"आणि वरचे विचारतील, ड्रमखाली नव्हतास तर कुठे होतास?"

हा मुद्दा ओळंब्याला सुचला नव्हता. साहेब भुग्याच्या दोरीपाशी येरझारा घालू लागले. आतापर्यंत ओळंबा जिथे फेऱ्या मारत होता, नेमकं तिथेच.

"वही आण," ते एकदम म्हणाले. पान त्यांनी दोनदा वाचलं आणि चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. "सकाळी नऊपासून समोर हजर. वा! सही आहे, वेळ आहे. अरे, तू तर माझी हजेरी लिहून ठेवलीस! फक्त 'ड्रमखाली' खोडून 'ड्रमजवळ' कर."

"वहीत खाडाखोड चालत नाही. तुमचाच नियम आहे."

"माझाच नियम आहे तर मी सांगतो, कर."

"नाही, साहेब." ओळंबा सरळ उभा राहिला. जेलची भीती गेली तसा त्याचा कणा परत आला होता. "मी जे लिहिलं ते खरं समजून लिहिलं. आता खोटं समजून बदलणार नाही."

साहेबांनी विनवण्या केल्या, दटावलं, शिट्टीला मध्ये घातलं. शिट्टी म्हणाला, "मी शिट्टी मारली होती, एवढंच मला माहीत आहे." पावणेसहाला ओळंब्याची बायको दोन बस बदलून, हातात दुधाची पिशवी घेऊन पोचली. नवरा शाबूत, साहेब शाबूत, आणि दोघं एका वहीवरून भांडताहेत हे तिने पाहिलं. "चला घरी," ती एवढंच म्हणाली. पान तसंच राहिलं.

अखेर साहेबांनी मुख्य कार्यालयाला कळवलं की ते जिवंत आहेत, दिवसभर साइटवर होते, आणि पुरावा म्हणून सोबत ऑपरेटरच्या वहीचं पान जोडलं. दुसरा पुरावा नव्हताच. चौकशीला हजेरीचा कारकून आला. शर्टाच्या खिशाला चार पेनं लावलेला, न हसणारा माणूस. ड्रमखाली येऊन माणूस धडधाकट कसा राहिला, हा प्रश्न त्याच्या खात्याचा नव्हता. त्याने ओळंब्याला एकच विचारलं, "हे दिवसभर तुम्हाला समोर दिसत होते का?"

"मला जे काही समोर दिसत होतं," ओळंबा शब्द तोलत म्हणाला, "ते अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत होतं. त्यानंतर नव्हतं."

कारकुनाने ते लिहून घेतलं आणि महिनाअखेरीस निकाल लागला. त्या सोमवारी सेफ्टीसाहेबांची अर्ध्या दिवसाची रजा मांडली गेली.